फी भरून लेकराला गारठ्यात मातीत बसवायचं का?

या वेळचं पत्र परभणीहून आलंय. जरा कापून देते, नावगाव काढून टाकलंय.

"ताई, नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीला. जूनपासून तिला गावाबाहेर आठ किलोमीटरवर शेतात भरणाऱ्या एका छोट्या शाळेत घातलंय. एक पत्र्याचं शेड आहे, बाकी सगळं झाडाखाली, बांधावर, ओढ्याकाठी. लेकरू लई खूश आहे. पण दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि गारठा सुरू झाला. शाळा सकाळी साडेसातची, मिस्टर तिला बाइकवर सोडतात. पंधरा दिवसात दोनदा सर्दी झाली, रात्री खोकते. सासूबाई (माहेर लातूर जिल्ह्यातलं, औशाकडचं) रोज म्हणतात, लेकराला न्युमोनिया करायलेत का. परवा तर म्हणाल्या, आम्ही जन्म रानात काढला तो लेकरं खुर्चीवर बसावीत म्हणून, अन् तुम्ही फी भरून नातीला मातीत बसवायलेत. मिस्टर गप्प. शाळेतल्या ताई म्हणतात काही होत नाही, सवय होईल. मला दोघींचंही पटतं आणि कुणाचंच पटत नाही. फेब्रुवारीपर्यंत घरी ठेवू का? की शाळाच बदलू?"

ताई, आधी उत्तर देते आणि मग बाकीचं, कारण सकाळी डबा करता करता मोबाइल बघणाऱ्या बाईला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणं मला जमत नाही. घरी बसवू नका, शाळाही बदलू नका, सकाळचे दोन तास तेवढे बदलून घ्या. आणि सासूबाई जे बोलल्या ते थंडीबद्दल नव्हतंच, त्यावर खाली येते.

आपली थंडी कशी असते ते तुम्हाला मी काय सांगणार, पण तरी सांगते कारण शाळेशी बोलताना उपयोगी पडेल. आपल्याकडं समुद्र लांब, हवा कोरडी, दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी उष्णता वर सोडून देते, अडवायला ढग नसतात. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात येतो तेव्हा पुणेवाले पण चाट पडतात, एखाद्या लाटेत पारा 5-6 अंशाच्याही खाली जातो. पण त्याच दिवशी दुपारी दोनला तुम्ही गच्चीवर पापड वाळत घालता आणि डोक्यावर पदर घेता, कारण तेव्हा 27-28 असतं. म्हणजे एकाच दिवसात वीस अंशाचा फरक. आणि सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, दिवस उगवायच्या टायमाला असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सात वाजायच्या थोडं आधी उगवतो, म्हणजे साडेसातची शाळा ही अगदी गारठ्याच्या टोकावर भरतीय. तीच शाळा नऊला भरवा, अर्धं भांडण तिथंच मिटतं. शासनानंच 2024 च्या फेब्रुवारीत निर्णय काढलाय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तो मुलांच्या झोपेसाठी काढला होता, पण आपल्याला थंडीसाठी चालून जाईल. शाळेतल्या ताईंना हे गोडीत सांगा, चार-पाच आया मिळून गेलात तर अजून बरं. नाहीच ऐकलं तर तुम्ही तुमची पोरगी नऊला न्या, बाकीच्यांचं बघून घेतील ते.

आता बाइक. पत्रात तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढं गेलात पण मी तिथंच थांबले. आठ किलोमीटर, सकाळी सात वाजता, आणि माझी पैज आहे की पोरगी पुढं टाकीवर बसत असणार, हँडल धरून, बाबाच्या पोटाला टेकून. सगळा वारा तिच्या छातीवर. बाहेर 10 अंश असतील आणि गाडी 40 च्या स्पीडनं असेल तर अंगाला 6 अंशासारखं लागतं, आणि लोकरीच्या स्वेटरातून वारा आरपार जातो. शाळेत ती पळते, खेळते, उन्हात बसते. गाडीवर मात्र वीस मिनिटं हलत सुद्धा नाही. म्हणजे दिवसभरातला सगळ्यात थंड वेळ शाळेतला नाहीच, बाबाच्या गाडीवरचा आहे, आणि बोल खातीय शाळा. तिला मागं बसवा, मध्ये बेल्ट किंवा ओढणी बांधा, स्वेटरच्या वरून पावसाळ्यातलाच विंडचीटर घाला (तो कपाटात पडून असतो), कान झाकणारी कानटोपी, हातमोजे. मिस्टर काही बोलत नाहीत म्हणता ना, मग हे काम त्यांना द्या. गप्प माणसाला मत विचारलं की तो अजून गप्प होतो, काम दिलं की करतो.

शाळेत पोचल्यावर मात्र एकच जाडजूड स्वेटर हा घोळ आहे. साडेदहाला लेकरं घामाघूम होतात, स्वेटर निघत नाही कारण आत काहीच नाही किंवा नुसती बनियन आहे, घाम आत मुरतो, मग झाडाखाली सावलीत गोष्ट ऐकायला बसलं की तोच ओला कपडा अंगावर गार पडतो. दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, कांद्यासारखे, एकेक काढता येतील असे, आणि काढलेलं ठेवायला पिशवी. एक जोडी मोजे जास्तीचे द्याच द्या. सकाळी बांधावरच्या गवतावर दव इतकं असतं की कॅनव्हासचे बूट पाच मिनिटात चिंब होतात आणि मग लेकरू बाराला घरी येईपर्यंत ओल्या पायानं फिरतं आणि सांगत नाही. मुलं सांगत नाहीत हो, खेळात असली की पाय गारठलाय हे त्यांना रात्री कळतं.

शाळेला विचारायच्या गोष्टी: सकाळी बसवता कुठं? ओढ्याकाठी बसवत असतील तर आता बंद करा म्हणावं. गार हवा जड असते, रात्रीतून उतारावरून घरंगळत सखल जागी साचते, ओढ्यात आणि माळावर दोन-तीन अंशाचा फरक सहज पडतो. ज्याला खरं वाटत नाही त्यानं पहाटे नाल्यावरून गाडी काढावी, उतार लागला की गुडघ्याला कळतं. धुई पण तिथंच रेंगाळते. पत्र्याच्या शेडचंही तेच, रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा गार होतो आणि सकाळी आतून थेंब टपकतात, म्हणजे लेकरांना "आत या, थंडी आहे" म्हणून ज्या शेडमध्ये घेतात ते सकाळी आठला बाहेरच्या उन्हापेक्षा गार असतं. पूर्वेला तोंड असलेला बांध, मागं वारा अडवायला कडब्याची गंज किंवा तुरीचं रान, ही सकाळची जागा. खाली नुसती सतरंजी नको, आधी बारदाना, त्यात कडबा नाहीतर भुसा भरलेला असला तर फारच छान, मग सतरंजी. काळी माती ओल धरून ठेवते, बसल्याजागी अंगातली ऊब खेचून घेते. गंजीला खेटून मात्र बसवू नका, हात-दीड हात लांब, आणि तेही आधी काठीनं आपटून मगच. थंडीत साप कमी दिसतात हे खरं पण घोणस याच दिवसात सकाळी उन्हाला येऊन पडते आणि ती सुस्त असते, पळून जात नाही, तिथंच फुत्कारत बसते. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन असतं हे शाळेला माहीत पाहिजे, नसलं तर मग मी पण म्हणेन काढा लेकरू तिथून.

आणि फवारणी. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून डोकं फिरतं माझं. थंडीत हरभरा घाट्यात येतो, घाटेअळी पडते, शेजारचा शेतकरी सकाळी वारा पडलेला असतो म्हणून त्याच टायमाला पंप घेऊन येतो. त्याची चूक नाही, त्याचं पीक आहे. पण शाळेनं आजूबाजूच्या चार बांधवाल्यांचे नंबर घेऊन ठेवावेत, आदल्या दिवशी फोन, फवारणी असली तर लेकरं वाऱ्याच्या उलट्या बाजूला किंवा त्या दिवशी सुट्टी. ढाळे दिसले की लेकरं उपटून खातात, आपण पण खायचो, पण विचारल्याशिवाय नाही हा नियम पाहिजे.

खोकल्याचं बोलू. सर्दी गारठ्यानं होत नाही, व्हायरसनं होते, आणि तो व्हायरस बंद खोलीत एकमेकांच्या तोंडाशी बसल्यानं जास्त पसरतो. या वयाच्या लेकराला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं ही नॉर्मल गोष्ट आहे. दिवाळीत पाहुणे, एसटीतली गर्दी, फटाक्यांचा धूर, आणि मग दोनदा सर्दी, यात शाळेचा हात किती ते सांगता येत नाही. पण रात्रीचा खोकला वेगळा. दिवसा बरी आणि रात्री किंवा पहाटे खोकते, पळाल्यावर खोकते, छातीत शिट्टीसारखं वाजतं, घरात कुणाला दमा आहे, असं काही असेल तर लेकरांच्या डॉक्टरला दाखवा, बालदमा असू शकतो आणि त्यात कोरडी थंड हवा, धूर खरोखर त्रास देतो. तसं निघालं तर पंप (इनहेलर) द्यायला घाबरू नका, पंपाची सवय लागते वगैरे शेजारणी सांगतील, त्यांना चहा द्या आणि सोडून द्या. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, खाणंपिणं सोडलं, पडून राहायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नको. शाळेत शेकोटी करत असतील तर खोकणारं लेकरू धुराच्या बाजूला नको, आणि शेकोटीत प्लॅस्टिक तर कुणाच्याच लेकरासाठी नको. पाणी थर्मासमधून कोमट द्या, थंडीत लेकरं पाणीच पीत नाहीत.

उन्हाचं एक गंमतीचं आहे. आपण सगळे म्हणतो सकाळचं कोवळं ऊन चांगलं, त्यात डी व्हिटॅमिन असतं. ऊब मिळते, पण डी व्हिटॅमिन तयार करणारे किरण सकाळी आठला जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी झाली की ते किरण बरे मिळतात असं समजायचं, आणि डिसेंबरात परभणीला तसं फक्त साडेअकरा ते एकच्या आसपास होतं. म्हणजे शाळा नऊ ते दोन झाली तर लेकराला नेमकं तेच ऊन मिळतं. डोळ्यांसाठी पण बाहेर राहणं चांगलं, लांबचा नंबर लागायचं प्रमाण कमी होतं, तैवाननं तर 2010 पासून शाळांमध्ये रोज 120 मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. तुमच्या पोरीला ती 120 मिनिटं फुकट मिळतायत. फुकट नाही, फी आहे म्हणा.

आणि फीवरूनच आता सासूबाईंकडं येते. त्यांचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. मी पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, चौथीपर्यंत आमचा वर्ग लिंबाखाली भरायचा. हौस म्हणून नाही, खोली एकच होती आणि तिचा पत्रा उडालेला होता. थंडीत गुरुजी आम्हाला उन्हाबरोबर सरकवत न्यायचे, सकाळी देवळाच्या भिंतीकडं, दहाला लिंबाच्या पलीकडं. माझ्या अंगावर आईचं जुनं पातळ दुहेरी करून गळ्याशी गाठ मारलेलं असायचं, टाचा फुटून रक्त यायचं. पुढं मी मास्तरीण झाले आणि पहिल्या पगारात आईनं मला काय घ्यायला लावलं माहितीये, बूट. तिला आज कुणी सांगितलं असतं की लोक महिन्याला पैसे देऊन लेकराला लिंबाखाली बसवतात तर तिनं पण हेच म्हटलं असतं, शब्द जरा वाईट वापरले असते. तेव्हा सासूबाईंना "तुम्हाला यातलं कळत नाही" हे वाक्य चुकूनही म्हणू नका. त्यांना सगळ्यात जास्त कळतं. रानात राहून शिकता येतं हे त्यांना माहीत आहे, रानातून सुटता येत नाही ही त्यांची भीती आहे. तुमची पोरगी तिथं स्वतःच्या मर्जीनं आहे, खोकली तर तुम्ही तिला उद्या घरी ठेवू शकता. याच दिवसात बीडकडच्या ऊसतोड घरातली तिच्याच वयाची लेकरं कारखान्याच्या फडावर कोपीत (झोपडीत) झोपतायत, त्यांना कुणी विचारत नाही फेब्रुवारीपर्यंत घरी ठेवू का. हा फरक सासूबाई अनुभवानं ओळखतात, आपण फोटो टाकताना विसरतो.

आपल्याकडं अशी रानातली शाळा नवीन पण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, डहाणूकडं, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात. ती मुलं काही निसर्गप्रेम शिकायला गेली नव्हती, गुरांमागं होती, बाईंनी शिकवणं तिथवर नेलं. सासूबाईंना हे सांगितलं तर कदाचित पटेल, कारण यात रान सोडायचंही नाही आणि अक्षरही सोडायचं नाही. त्यांना खरं बघायचंय ते एवढंच की नात वाचते का, पाढे येतात का. ते विचारायचा त्यांचा हक्कच आहे. शाळेला महिन्यातून एकदा तरी वही दाखवायला लावा, आणि पहिलीचं मराठी वाचन डिसेंबरपर्यंत येत नसेल तर झाडं-पक्षी बाजूला ठेवून मी पण शाळेला प्रश्न विचारेन.

पण तुमच्या सासूबाई औशाकडच्या म्हणालात ना, मग तुमच्याकडं हुकमाचा पत्ता आहे. येळवस! मार्गशीर्ष अमावस्येला, ऐन गारठ्यात, अख्खा लातूर आणि धाराशिव जिल्हा कुलूप लावून रानात जातो, कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात, शहरात कुत्रं दिसत नाही. कडब्याची कोप, आत पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे. तान्ही लेकरं सुद्धा दिवसभर उघड्यावर. त्यांना विचारा त्यांच्या माहेरी कोप कशी बांधायचे, पेंढी कुठं आवळायचे. सांगायला लागल्या की थांबणार नाहीत. मग म्हणा, हेच तुमच्या नातीच्या शाळेत येऊन दाखवता का, तिथल्या ताईंना कोप बांधता येत नाही. (येत असली तरी येत नाही म्हणा.) बावीस-पंचवीस लेकरं "आज्जी आज्जी" करून भोवती बसली की नातीच्या शाळेबद्दलचं मत बदललं नाही तरी आवाज खाली येतो.

मी शिकवत होते तेव्हा एका आजींनी आमच्या वर्गाला आंब (हरभऱ्यावरचं आंबट दव) धरून दाखवली होती. आदल्या संध्याकाळी स्वच्छ धुतलेलं पांढरं धोतर हरभऱ्यावर पसरून ठेवलं, वर दोन ढेकळं. सकाळी उचललं तर जड झालेलं, दवानं ओलंकच्च, आणि आजी म्हणाल्या पितळी पातेल्यात नको, काचेची बरणी आणा. पिळलं तर पिवळसर पाणी पडलं. बोट बुडवून चाखलं की दात शिवशिवतात इतकं आंबट. पोट दुखलं की थेंबभर देतात, आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत आहे. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते तिच्यातून ते आम्ल येतं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. मग आम्ही जास्वंदीची फुलं पाण्यात चुरगाळून त्या जांभळट रसात आंबीचे चार थेंब टाकले आणि रस लालगुलाबी झाला, तर एक पोरगा म्हणाला बाई, आजीनं जादू केली, आणि आजी म्हणाल्या जादू नाही रं, आंबट हाय. आम्ल म्हणजे काय हे त्या वर्गाला मला परत शिकवावं लागलं नाही. त्या दिवशी एक चूक मात्र माझी झाली. फोटो चांगले येतील म्हणून मी लेकरांना अनवाणी हरभऱ्यात उतरवलं, आणि ज्यांच्या टाचा फुटल्या होत्या ती पाच-सहा पोरं कळवळली, आंब भेगांत गेली. धुवायला पाणी होतं ते बर्फासारखं. एक आई दुसऱ्या दिवशी येऊन मला जे बोलली ते बरोबरच बोलली.

हिवाळ्यात शिकायला काय कमी असतं का हो. ज्वारीवर भोरड्या उतरतात, मध्य आशियाकडून एवढ्या लांब उडून येतात आणि आपली कणसं खातात, माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या काकांना विचारा भोरड्या किती येतात, ते हजारात मोजतात, तोच पहिलीचा गणिताचा तास. 21-22 डिसेंबरला मीटरभर काठी मातीत सरळ रोवा आणि दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपास सावली मोजा, परभणीला ती 92 सेंटिमीटरच्या जवळपास भरेल, वर्षातली दुपारची सगळ्यात लांब. तीच काठी मे महिन्याच्या मध्यावर रोवली तर एका दुपारी सावली पायाखाली गायबच होते. भिंतीच्या आत हे दाखवता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये 42 अंशात लेकरांना बाहेर काढता येत नाही. म्हणून म्हणते, फेब्रुवारीपर्यंत घरी ठेवलंत तर आपल्याकडचे बाहेर बसायचे सगळ्यात चांगले तीन महिने घालवाल आणि उन्हाळ्यात परत सासूबाई म्हणतील लेकराला ऊन लागंल, आणि तेव्हा त्या बरोबर असतील.

तर येत्या सोमवारपासून नऊला पाठवा, आधी डॉक्टरकडं एक चक्कर. धुई दाट असलेल्या दिवशी किंवा ताप असताना बिनधास्त घरी ठेवा, त्यात कमीपणा नाही, शाळेनं तोंड वाकडं केलं तरी. "सवय होईल" हे उत्तर मला पण आवडलं नाही, सवय गारठ्याची लागते पण ओल्या मोज्यांची लागत नाही, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

आणि सासूबाई तयार झाल्या, आंब धरायचं ठरलं, तर आदल्या रात्री नातीच्या ओठांना तूप लावून झोपवा. थंडीत ओठ फुटलेले असतात आणि ती चाखल्याशिवाय राहणार नाही, लई झोंबतं.